साखर न घालता ताज्या फळांचा गारेगार गोड पदार्थ: दगड का होतो आणि पाणचट का लागतो?

रानवारा

नमस्कार मंडळी. गेले दोन उन्हाळे एकाच गोष्टीच्या मागे आहे आणि हवं तसं जमत नाहीये, म्हणून इथे विचारते. लेक चार वर्षांची आहे. तिला संध्याकाळी काहीतरी गार हवं असतं, आणि मला ते ताज्या फळांचंच, वरून साखर न घालता करायचं आहे.

कालचा प्रयोग सांगते. दोन पिकलेले आंबे आणि पाव कलिंगड घेतलं. दोन्ही वेगवेगळं मिक्सरमधून फिरवलं, कलिंगडाचा रस गाळला. चव घेतली तेव्हा दोन्ही मस्त गोड होतं. डब्यात आधी आंब्याचा थर दिला, तो धरल्यावर वर कलिंगडाचा रस ओतला आणि डबा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी आंब्याचा थर जोर लावून चमच्याने निघाला. कलिंगडाचा मात्र अक्षरशः दगड झाला होता, सुरीसुद्धा घुसेना. तुकडा तोंडात टाकला तर नुसतं गार पाणी! याच रसाचा अर्धा ग्लास मी आदल्या रात्री आवडीने प्यायले होते. लेकीने दोनदा चाटून वाटी परत केली.

एकाच डब्यात, एकाच फ्रीझरमध्ये दोन फळं इतकी वेगळी का वागली? आणि गोडी गेली कुठे? साखर घातली की दोन्ही प्रश्न मिटतात हे मला ठाऊक आहे. ती न घालता काय करता येईल ते सांगा.

शीतकण

रानवारा, तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. गार पदार्थात साखर दोन कामं करते. गोडी देते हे सगळ्यांना दिसतं. दुसरं काम दिसत नाही: ती पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. साखर विरघळलेलं पाणी शून्याच्या खाली गोठतं. जसजसा त्यातला बर्फ वेगळा होतो तसतसा उरलेला पाक दाट होत जातो आणि त्याला गोठायला आणखी थंडी लागते. म्हणून चांगल्या जमलेल्या फळांच्या बर्फात, घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांनाही, बर्फाच्या कणांमध्ये थोडा दाट पाक न गोठता राहतो. चमचा आत जातो तो त्या पाकामुळे.

आता आकडे बघा. कलिंगडात १०० ग्रॅमला जेमतेम ६ ग्रॅम साखर आणि ९१-९२ टक्के पाणी असतं. आंब्यात साखर साधारण १४ ग्रॅम, शिवाय गरात तंतू आणि पेक्टिन (फळातला घट्टपणा देणारा पदार्थ). नुसत्या फळांचा मऊ गोठवलेला पदार्थ करणारे लोक मिश्रणातली एकूण साखर २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. आंबा निदान अर्ध्या वाटेवर होता, कलिंगड फारच मागे होतं.

गोडी गेली नाही, ती जिभेला कळली नाही. थंड पदार्थाची गोडी आपल्याला कमी जाणवते आणि फळाचा वासही गारठ्यात कमी उठतो. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, असह्य गोड लागतं. तेव्हा गोठवायच्या आधी मिश्रण ‘बरोबर’ गोड लागलं तर गोठल्यावर ते फिकं लागणार हे धरूनच चालायचं. आधी थोडं जास्तच गोड लागलं पाहिजे.

दुपारची_सावली

+१. आमच्याकडे हे कोडं केळ्याने सोडवलं. सालीवर चांगले तपकिरी ठिपके आलेली केळी सोलायची, चकत्या करायच्या आणि ताटात एका थरात, एकमेकींना न चिकटवता गोठवायच्या. कडक झाल्या की मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायच्या. आधी त्याचा रवाळ चुरा होतो, मग गोळा होतो आणि मग एकदम लोण्यासारखं गुळगुळीत होतं. त्या मधल्या टप्प्यावर घाबरून दूध ओतायचं नाही, इथेच बहुतेकांचं बिनसतं. थांबायचं, कडेचं खाली ढकलायचं, पुन्हा फिरवायचं.

ठिपक्यांचं केळं का, तर हिरव्या केळ्यात स्टार्च भरपूर असतो आणि पिकताना त्याचीच साखर होते. नुसत्या पिवळ्या केळ्याचं केलं तर तोंडाला थोडं तुरट राहतं.

रानवारा

शीतकण, वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजत होते.

सावलीताई, केळ्याचं करते मी, लेकीला आवडतंही. पण त्यात काहीही घातलं तरी ते शेवटी केळंच लागतं. मला आंबा आंब्यासारखा आणि कलिंगड कलिंगडासारखं लागायला हवंय.

बोरकूट

खजूर घाला की! बिया काढून कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे आणि थोड्याच पाण्यात वाटायचे. खजुरात साखर साठ-पासष्ट टक्के असते, एक-दोन चमच्यांत काम होतं.

चाळणी

बोरकूट, खजुराचं म्हणणं बरोबर आहे, पण तो कुठे चालतो आणि कुठे नाही हे सांगायला हवं. चिकू, केळं, अंजीर, नारळाचं दूध यांच्यासोबत फार सुंदर. कलिंगड, खरबूज, स्ट्रॉबेरी यांचा मात्र रंग मातकट होतो आणि वर खजुराचीच चव बसते. मी फिक्या फळांना बिनबियांची हिरवी द्राक्षं घालते. द्राक्षात साधारण १६ टक्के साखर असते, रंग हलका असतो आणि चव मागे राहते. द्राक्षं कच्चीच वाटून गाळायची. लिचीही अशीच उपयोगी पडते, पण तिचा वास बोलका असतो.

आणखी एक. फळ आणल्यावर ‘दोन दिवस ठेवू, गोड होईल’ हे सगळ्या फळांना लागू नाही. आंबा, केळं, चिकू झाडावरून उतरवल्यावरही पिकतात आणि गोड होतात. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, अननस, लिची, संत्रं यांची गोडी तोडली त्या दिवशी जितकी तितकीच. ठेवून ती मऊ होतील, आंबटपणा थोडा उतरेल, पण साखर वाढणार नाही. म्हणून ही फळं घेतानाच चाखून घ्यायची, आणि फिकी निघाली तर त्यांचं गोठवलेलं काही करायच्या नादाला लागायचं नाही. चिरून खाऊन टाकायची.

शीतकण

चाळणीताईंच्या द्राक्षांना माझा पूर्ण पाठिंबा, आणि त्याला कारण आहे. द्राक्षातली साखर म्हणजे मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. यांचे रेणू आपल्या नेहमीच्या साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचे असतात. त्यामुळे तेवढ्याच वजनात रेणूंची संख्या दुपटीजवळ जाते, आणि गोठण रोखण्याचं काम संख्येवर चालतं. म्हणजे एक चमचा फळाची साखर मऊपणासाठी जवळजवळ दोन चमच्यांचं काम करते. वर फ्रुक्टोज गारठ्यात जास्त गोड लागतं. ते पाण्यात एकाहून जास्त रूपांत असतं आणि सगळ्यात गोड रूपाचं प्रमाण थंडीत वाढतं. गार पदार्थाला फळाचीच साखर जास्त मानवते असं मी म्हणतो ते यासाठी.

सालपापुद्रा

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. धाग्यात ‘साखर न घालता’ म्हणताय आणि पुढे खजुराचा लगदा, गाळलेला द्राक्षांचा रस चाललाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात मध, पाक, फळांचा रस आणि आटवलेला रस यांतली साखरसुद्धा वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं, असं त्यात म्हटलंय. अख्ख्या ताज्या फळातली साखर या हिशेबात धरलेली नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर ‘नैसर्गिक आहे, खा’ म्हणत मोठी वाटी पुढे करू नका. रक्तातल्या साखरेला नैसर्गिकपणा कळत नाही.

रानवारा

रागावायचं काय त्यात, हे कोणीतरी म्हणायलाच हवं होतं. माझा हेतूही स्पष्ट करते. ‘कितीही खा’ असा पदार्थ मला नकोय. लेकीच्या जिभेला फळाची गोडी पुरेशी वाटावी, तिला तीच सवय लागावी, एवढंच. वाटी लहानच असते आमची. आणि गाळायचं तितकंच गाळीन, गर शक्यतो ठेवीन. मधाचं काय, तो चालतो का?

सालपापुद्रा

मुलगी चार वर्षांची आहे म्हणजे धोका नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात द्यायचा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पदार्थ पाहुण्यांच्या तान्ह्या बाळापर्यंत पोचणार असेल तर हे लक्षात ठेवा. बाकी हिशेबात मध म्हणजे साखरच.

थेंबथेंब

आता कलिंगडाचं. हे मी गेली काही वर्षं करते आणि धागाकर्तीला नेमकं हेच हवंय असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कलिंगडाचा रस दाट करायचा म्हणून उकळला तर ताजेपणा मरतो आणि शिजवलेल्या भोपळ्यासारखा वास येतो. मीही आधी तेच करून बसले होते. मग एकदा काडीवरचा बर्फ चोखताना लक्षात आलं की आधी सगळा रंग आणि सगळी गोडी तोंडात येते आणि शेवटी काडीवर पांढरा, बेचव बर्फ उरतो. म्हणजे गोड भाग आधी वितळतो आणि पाणी बर्फ होऊन मागे राहतं. तर मग हेच मुद्दाम करायचं!

कलिंगड बिया काढून वाटायचं आणि गाळायचं. एक लिटर रस रुंद तोंडाच्या डब्यात पूर्ण गोठवायचा. दुसऱ्या दिवशी तो बर्फाचा गोळा मोठ्या चाळणीत उपडा करायचा, चाळणी भांड्यावर ठेवायची आणि सगळं झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. बाहेर ओट्यावर ठेवू नका. भराभर वितळलं की बर्फाचं पाणीही मिसळतं, आणि उन्हाळ्यात कापलेल्या फळाचा रस तासन् तास बाहेर राहणंही बरं नाही. फ्रिजमध्ये तो थेंबथेंब गळतो. पहिले थेंब गडद लाल आणि इतके गोड असतात की विश्वास बसत नाही. मी एका लिटरमागे ३००-३५० मिली घेते आणि थांबते. चाळणीत फिकट गुलाबी बर्फाचा गोळा उरतो. तो टाकत नाही, लिंबू पिळून पाण्याच्या जगमध्ये घालते.

हा दाट रस पुन्हा गोठवला की दगड होत नाही. शीतकण यांनी कारण वर दिलंच आहे, मला ते आज कळलं. मी नुसतं करत होते.

शीतकण

थेंबथेंब, फार सुरेख. न शिजवता रस दाट करण्याची ही पद्धत कारखान्यांतही वापरली जाते. तुम्ही ती चाळणीवर आणलीत! तुमच्या तिसऱ्या हिश्श्यात मूळ साखरेचा बराच मोठा भाग उतरत असणार. फक्त सालपापुद्रा म्हणतात ते इथे पूर्ण लागू आहे. हा आटवलेला रसच, वाटी लहान ठेवा.

चाळणी

वाचनखूण साठवली. थेंबथेंब, मी हे खरबुजावर करून बघणार.

जाता जाता, मिठाचा उल्लेख कोणीच केला नाही! अर्ध्या किलो गराला चिमटीत मावेल त्याच्या निम्मं मीठ. खारट लागायला नको, पण कडवट छटा दबते आणि गोडी पुढे येते. आणि लिंबू: आंबा, केळं, सफरचंद यांना रंग टिकवायलाही आणि चव जागी करायलाही. पण चमचाभरच, आंबटपणा वाढला की गोडी मागे ढकलली जाते. मी आधी मीठ घालते, चाखते, मग थेंबाथेंबाने लिंबू.

नवाडबा

अननसाचं विचारायचं होतं. ताजा अननस घट्ट दह्यात वाटून गोठवला. रात्री चाखलं तेव्हा चांगलं होतं, दुसऱ्या दिवशी कडू! दही ताजं होतं. आणि मागे जिलेटिन घालून अननसाची जेली केली तर ती कधीच धरली नाही. अननस खराब येतोय का?

शीतकण

अननस चांगलाच असणार. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिनं तोडतं. दह्यातली प्रथिनं तुटली की त्यांचे तुकडे कडू लागतात. जिलेटिन हेही प्रथिनच, तेही तुटतं, मग जेली धरणार कशी? पपई आणि किवीचंही असंच, विकराची नावं तेवढी वेगळी. उपाय सोपा: अननसाचे तुकडे त्यांच्याच रसात दणदणीत उकळी येऊन चार-पाच मिनिटं शिजू द्या, पूर्ण गार करा, मग दही घाला. गोठवून विकर मरत नाही, नुसतं मंदावतं. शिजवल्यावरच निकामी होतं.

दुपारची_सावली

आणि जेलीच करायची तर अगर वापरा. ते समुद्री शेवाळापासून होतं, त्यात प्रथिनांची भानगड नाही, ताजा अननसही चालतो. पूड पाण्यात घालून दोन मिनिटं नीट उकळायची, नाहीतर कण राहतात. १०० मिलीला साधारण एक ग्रॅम पुरते. आंबट रस अगरसोबत उकळू नका, पकड ढिली होते. अगर वेगळं उकळून आच बंद करायची आणि मग फळाचा रस घालायचा. रस मात्र फ्रिजमधून काढलेला गार नको. अगर ४० अंशांच्या आसपासच धरायला लागतं, गार रस ओतला की जागच्या जागी गुठळ्या.

जेलीत एक फायदा आहे जो धाग्यात आलेला नाही. ती गोठवायची नसते, फक्त गार करायची असते. म्हणजे गोडी दबत नाही आणि दगड होण्याचा प्रश्नच येत नाही. कलिंगडाचा रस न आटवता, जसाच्या तसा जेलीत छान लागतो.

नवाडबा

शीतकणदादा, सावलीताई, दोघांचे आभार. वर्षभर फळवाल्याला मनातल्या मनात बोल लावत होतो.

रानवारा

चार दिवस गायब होते, कारण चाळणी गळत होती. आता सगळं लिहिते.

थेंबथेंब यांच्या पद्धतीने कलिंगडाचा सव्वा लिटर रस गोठवला आणि फ्रिजमध्ये गळत ठेवला. सहा-सात तास लागले. मी ४०० मिलीवर थांबले. त्यात हिरव्या द्राक्षांचा वाटीभर गाळलेला रस, अगदी किंचित मीठ, अर्धा चमचा लिंबू. चव घेतली तर जास्त गोड. हात शिवशिवत होता थोडं पाणी घालायला, पण शीतकण यांचं वाक्य आठवलं आणि डबा तसाच ठेवला. उथळ स्टीलचं ताट घेतलं, दर पाऊण तासाने काट्याने कडेचा बर्फ खरवडून मध्ये आणला. असं चार वेळा. शेवटी ओल्या मिठासारखा रवाळ लाल बर्फ झाला. चमचा सहज जातो आणि जिभेवर ठेवला की आधी गार, मग एकदम कलिंगड!

आंब्याचं वेगळं केलं. दोन आंब्यांचा गर न गाळता, एका ठिपकेदार केळ्याच्या गोठवलेल्या चकत्या आणि द्राक्षांचा थोडा रस. केळं एकच ठेवलं म्हणून आंबाच पुढे राहिला. खायच्या दहा मिनिटं आधी डबा बाहेर काढून ठेवला, तेवढ्यात चमचा जायला लागला आणि वासही उठला. आधी मी थेट फ्रीझरमधून वाढत होते.

फसलेलंही सांगते. थोड्या स्ट्रॉबेरी होत्या, आंबट निघाल्या. चाळणीताईंनी बजावलं होतं तरी गोठवल्या, द्राक्षाचा रस घालूनही जमल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उरलेल्या स्ट्रॉबेरी अर्ध्या कापून ओव्हनमध्ये मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजल्या. पाणी उडून गेलं आणि आंबटगोड घट्ट रस सुटला. गार दह्यावर तो घातला, तो सगळ्यात आधी संपला.

लेकीने वाटी चाटून पुसून दिली आणि विचारलं, “आज लाल वाळू आहे ना?” आता घरात त्याचं नाव लाल वाळू.

थेंबथेंब

लाल वाळू! किती गोड नाव. काट्याने खरवडायचं मला सुचलंच नव्हतं, मी साच्यात घालत होते. प्रकाशचित्र (प्रचि) असेल तर टाक ना गं.

शीतकण

खरवडण्याने बर्फाचे कण लहान राहतात, जोडून मोठे होत नाहीत. उथळ स्टीलच्या ताटाचा फायदाही हाच. रस भराभर गोठतो आणि जितकं लवकर गोठेल तितके कण बारीक. पुढच्या वेळी ताट आधीच तासभर फ्रीझरमध्ये ठेवा.

रानवारा

ठेवते. प्रचि पुढच्या वेळी नक्की, कालची वाळू फोटो काढेपर्यंत टिकली नाही. खरबूज आणून ठेवलंय. चाळणीताई, तुमचं गळून झालं का? किती मिलीवर थांबलात?

चाळणी

आत्ताच झाकण उघडलं. एका लिटरमागे साडेतीनशेवर गोडी उतरायला लागली, म्हणून तिथेच थांबले. एक सांगते, खरबुजाच्या रसात गर बारीक राहतो आणि चाळणीची भोकं बुजतात. गोठवण्याआधी रस सुती फडक्यातून एकदा गाळून घे, आणि फडक्यातला गर टाकू नकोस, तो शेवटी बर्फात परत मिसळ.